नाव शेतकरी, काम खाणीचं

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण नाव शेतकरी आणि सगळं आयुष्य गेलं खाणींच्या नादात, असाही एक माणूस होऊन गेला. त्याचं मूळ नाव गेऑर्ग पावर, आजच्या जर्मनमध्ये बाउअर. अर्थ शेतकरी. त्या काळी युरोपात शिकल्यासवरल्या माणसानं आपलं नाव लॅटिनमध्ये करून घ्यायची फॅशन होती. म्हणून तो झाला जॉर्जियस अॅग्रिकोला. अर्थ तोच, शेतकरी! मेटलर्जी आणि जिऑलॉजीच्या पुस्तकांत खनिजशास्त्राचा जनक म्हणून हे नाव फार तर एका ओळीत येऊन जातं. पण त्याच्या आयुष्यात आणि पुस्तकात एक भांडण आहे, आणि ते भांडण आज आपल्या शेजारच्या गोव्यात, डिचोली-सांगेच्या शेतांत चालू आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

अॅग्रिकोलाचा जन्म २४ मार्च १४९४ चा, सॅक्सनीतल्या ग्लाउखाऊ गावातला. वडील कापडाच्या धंद्यातले. पोरगा हुशार. १५१४ साली लाइपझिग विद्यापीठात गेला आणि तिथे पडला ग्रीक-लॅटिनच्या प्रेमात. पुढे त्स्विकाऊच्या शाळेत त्यानं ग्रीक शिकवलं आणि १५२० मध्ये लॅटिन व्याकरणाचं एक छोटं पुस्तकही काढलं. म्हणजे पुढे ज्याला आपण इंजिनिअरांचा पूर्वज मानतो तो गडी सुरुवातीला चक्क भाषेचा मास्तर होता! मग डोक्यात वैद्यकी शिरली. त्यासाठी तो इटलीला गेला. व्हेनिसच्या प्रसिद्ध आल्डाइन छापखान्यात गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचे ग्रंथ छापायचं काम चाललं होतं, त्या संपादनात त्यानं हात लावला. जुन्या ग्रंथांत औषधं म्हणून कितीतरी खनिजांची नावं येतात. पण ती खनिजं नेमकी कोणती, दिसतात कशी, मिळतात कुठे, हे कुणालाच धड सांगता येईना. पुस्तकातलं नाव आणि हातातला दगड यांची गाठ घालायची, हे वेड त्याच्या मनात तिथेच बसलं असावं.

१५२७ मध्ये त्याला नोकरी लागली ती बोहेमियातल्या योआखिमस्थाल या गावात, गावचा डॉक्टर म्हणून. हे गाव म्हणजे त्या काळातलं बूमटाऊन. १५१६ मध्ये तिथे चांदी सापडली आणि बघता बघता हजारो माणसं येऊन आदळली. इथल्या चांदीची नाणी इतकी पसरली की त्यांना योआखिमस्थालर म्हणू लागले. त्याचं झालं थालर आणि थालरचं झालं डॉलर. आज अमेरिकेची अॅडमिशन घेताना आपण ज्याचा रेट बघतो, त्याचं नाव या खाणगावातून आलंय.

डॉक्टरसाहेब पेशंट तपासायचे आणि मोकळा वेळ मिळाला की खाणीत उतरायचे, भट्ट्यांवर जाऊन बसायचे, जाणत्या खाणकामगारांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. त्यातून १५३० साली त्याचं ‘बेर्मानुस’ हे खाणींवरचं पहिलं पुस्तक संवादरूपात आलं. त्यानंतर तो केम्निट्सला गावचा डॉक्टर म्हणून गेला आणि तिथेच स्थिरावला. १५४६ मध्ये त्याचं ‘दे नातुरा फॉसिलियुम’ आलं. त्यात त्यानं खनिजांची वर्गवारी केली ती रंग, चकाकी, कठीणपणा, चव, वास अशा तपासून बघता येणाऱ्या गुणांवरून. त्याआधी दगडांच्या पुस्तकांत जादू आणि दैवी गुणच जास्त असायचे. आपल्याकडे पाणाड्या जसा हातात बेचकं धरून विहिरीची जागा सांगतो, तसे त्या काळी जर्मनीत बेचक्यानं धातूची शीर सांगणारे लोक होते. अॅग्रिकोलानं त्यांची पद्धत नीट वर्णन केली आणि सांगून टाकलं की शहाण्या खाणवाल्याला याची गरज नाही, त्यानं जमिनीवरच्या खुणा वाचाव्यात.

त्याच वर्षी तो केम्निट्सचा बर्गोमास्टर, म्हणजे नगराध्यक्ष झाला. पुढेही हे पद त्याच्याकडे अनेकदा आलं. आजूबाजूला कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांच्या लढाया पेटल्या होत्या. गाव ल्यूथरच्या बाजूचं, हा मात्र शेवटपर्यंत कॅथलिक राहिला. १५५२ च्या सुमारास प्लेग आला तेव्हा या डॉक्टरनं पेशंट सोडले नाहीत. १५५४ मध्ये प्लेगवर पुस्तक लिहिलं. आणि या सगळ्या धावपळीत वर्षानुवर्षं एक मोठा ग्रंथ चालूच होता : ‘दे रे मेतालिका’, म्हणजे धातूंविषयी.

या ग्रंथाचे १२ भाग आहेत. शीर कशी ओळखायची, मोजणी कशी करायची, पाणी उपसायची रहाटगाडगी, हवा खेळवायचे भाते आणि पंखे, धातुक कुटणं, धुणं, वितळवणं, चांदी-शिसं वेगळं करणं, सगळं काही. कामगारांच्या पाळ्यासुद्धा दिल्यात : दिवसात तीन, प्रत्येकी सात तासांची! अडीचशेहून जास्त लाकडी ठशांची चित्रं आहेत आणि यंत्राच्या भागांना अक्षरं घालून खाली नावं दिली आहेत, आपल्या ड्रॉइंगच्या शीटसारखी. ही चित्रं कोरण्यातच इतकी वर्षं गेली की छापलेलं पुस्तक त्याच्या हातात पडलंच नाही. २१ नोव्हेंबर १५५५ ला तो गेला, पुस्तक बाझेलमध्ये १५५६ साली निघालं. ज्या गावचा तो नगराध्यक्ष होता, ज्या गावाची त्यानं प्लेगात सेवा केली, त्या गावानं कॅथलिक म्हणून त्याला दफनाला जागा दिली नाही. शेवटी दूर त्साइट्सच्या चर्चमध्ये त्याला मूठमाती मिळाली.

आता मुद्द्याची गोष्ट. सहाव्या भागात हा डॉक्टर खाणकामगारांच्या आजारांवर लिहितो. थंड पाण्यात पाय सडतात म्हणून उंच चामडी बूट घाला, कोबाल्टच्या धातुकानं हातापायांना जखमा होतात म्हणून हातमोजे घाला, धूळ छातीत जाते म्हणून तोंडावर फडकं बांधा, असं तो बजावतो. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींत धुळीमुळे पुरुष इतके लवकर मरतात की तिथे एकेका बाईला सात-सात नवरे झाले, हेही त्यानं नोंदवलंय. सॅक्सनीतल्या श्नीबेर्गच्या खाणकामगारांचा छातीचा आजार म्हणजे फुफ्फुसाचा कॅन्सर, हे १८७९ मध्ये कळलं. त्याचं कारण रेडॉन हा किरणोत्सारी वायू, हे कळायला विसावं शतक उजाडलं.

पण खाणीच्या आतल्या माणसाइतकाच बाहेरच्या माणसाचा प्रश्न होता. पहिल्याच भागात अॅग्रिकोला खाणींच्या विरोधकांचं म्हणणं मांडतो, आणि तेही प्रामाणिकपणे, काही न लपवता. खाणीमुळे शेतं उद्ध्वस्त होतात. भट्ट्यांसाठी जंगलं तोडली जातात, पशुपक्षी नाहीसे होतात. धातुक धुतलेलं पाणी ओढ्यानाल्यांत जातं, ओढे विषारी होतात, मासे मरतात किंवा निघून जातात. आसपासच्या लोकांना पोटाची चिंता पडते. म्हणजे आजच्या एखाद्या जनसुनावणीचं इतिवृत्तच म्हणा ना!

त्यावर त्यानं उत्तर काय दिलं? एक, धातूंशिवाय माणूस जनावरासारखा जगेल. नांगराचा फाळसुद्धा धातूचाच. दोन, खाणी बहुधा नापीक डोंगरात असतात, त्यामुळे शेतीचं फारसं नुकसान होत नाही. तीन, झाडं तोडलेल्या जागी पीक काढता येतं. आणि चार, धातू विकून आलेल्या पैशातून पक्षी, जनावरं, मासे दुसरीकडून विकत आणता येतात!

पहिला मुद्दा आजही खोडता येत नाही. आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपमधलं एकही मशीन खाणीशिवाय उभं राहिलं नसतं. पण चौथा मुद्दा वाचून थबकायला होतं. मासे विकत आणता येतील, पण ज्याचे मासे गेले त्याच्या खिशात पैसे येणार का? आणि ओढ्यातलं विष ओढ्यातच राहिलं, त्याचं काय? गंमत अशी की ग्रंथाचा अख्खा सातवा भाग धातुकाचा कस लावण्यावर आहे. एवढ्याशा नमुन्यात चांदी किती, सोनं किती, हे काढायच्या रीती त्यानं बारकाईनं दिल्या. तराजू कसा असावा, मूस कशी करावी, सगळं. पण तसा कस धुवून टाकलेल्या पाण्याचा आणि गाळाचा कुणी लावला नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्या काळी ते रसायनशास्त्रच नव्हतं. पण हिशोबाची एक बाजू कोरी राहिली ती राहिलीच.

ती कोरी बाजू किती महाग पडते हे जपाननं दाखवलं. तिथल्या कामिओका या जस्त-शिशाच्या खाणीतून कॅडमियम जिंझू नदीत उतरलं, नदीच्या पाण्याबरोबर भातखाचरांत गेलं आणि भातातून माणसांत. हाडं इतकी ठिसूळ व्हायची की साध्या हालचालीनं मोडायची. बळी मुख्यतः वयस्क बायका. वेदनेनं विव्हळण्यावरूनच या रोगाला इताई-इताई नाव पडलं. जपान सरकारनं खाणीतल्या कॅडमियमचा संबंध १९६८ मध्ये अधिकृतपणे मान्य केला. शेतांतली दूषित माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं.

आता गोव्याकडे या. आपण तिथे जातो ते बीचसाठी. पण डिचोली, सत्तरी, सांगे या आतल्या तालुक्यांत लोखंडाच्या धातुकाच्या उघड्या खाणी पोर्तुगीज अमदानीपासून आहेत. एक टन धातुक काढायला साधारण दोन ते तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो. त्याचे डोंगराएवढे ढिगारे झाले. गोव्याचा पाऊस तर तुम्हाला माहीत आहेच. ढिगाऱ्याची लाल माती ओढ्यात, ओढ्यातून शेतात आणि पुढे मांडवी-जुवारीच्या गाळात. शिवाय धातुक बार्जमधून याच नद्यांतून मुरगाव बंदराला जायचं. न्या. शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणकाम थांबलं. एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. २०२२ पासून नव्यानं लिलाव सुरू झाले. या प्रत्येक वळणावर एका बाजूला ट्रकवाले, बार्जवाले, कामगार यांची पोटं होती आणि दुसऱ्या बाजूला शेत आणि झरा गमावलेल्यांची. दोन्ही बाजूंना माणसंच आहेत. अॅग्रिकोलाच्या पहिल्या भागात हेच भांडण लिहून ठेवलंय, फक्त गावांची नावं वेगळी.

फरक एवढाच की आज आपल्याला कस लावता येतो. तो कसा, हे इंजिनिअरनं समजून घ्यायला हवं, कारण इथे फसवाफसवीला भरपूर जागा आहे.

समजा गाळाचा नमुना घेतला, अम्लराजात उकळला आणि मशीनवर लावला. एका किलोत अमुक मिलिग्रॅम क्रोमियम असा आकडा आला. लगेच पेपरात हेडलाइन! पण हा आकडा जवळपास एकूण धातूचा. त्यातला बराचसा खनिजाच्या स्फटिकात इतका घट्ट अडकलेला असतो की कुठल्या जिवाला त्याची बाधाच होत नाही. खरा प्रश्न सुटा किती आहे हा. १९७९ मध्ये टेसिए आणि सहकाऱ्यांनी एक रीत दिली : एकाच नमुन्यावर पायरीपायरीनं जास्त जास्त कडक रसायनं घालायची. पहिल्या पायरीला जो धातू सुटतो तो पावसाच्या पाण्यातही सहज सुटेल. मग कार्बोनेटला धरलेला, मग लोह-मँगनीजच्या ऑक्साइडला चिकटलेला, मग सेंद्रिय पदार्थ आणि सल्फाइडमधला, आणि शेवटी दगडात गाडलेला. एकूण आकडा सारखा असलेले दोन गाळ या कसोटीवर अगदी वेगळे निघू शकतात.

दुसरी गोम : तुलना कशाशी करायची? आपल्या पुण्याचंच घ्या. आपण बसाल्टवर बसलोय. बसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच ग्रॅनाइटच्या मातीपेक्षा जास्त असतं. परदेशी तक्ता लावला तर इथलं न बिघडलेलं शेतसुद्धा दूषित ठरेल. उलट, जिथे मूळ प्रमाण कमी तिथे खरं प्रदूषण तक्त्याच्या आत लपून जाईल. म्हणून त्याच भागातली खाण नसलेली जागा शोधायची, किंवा गाळाचा उभा गाभा काढून खाणीच्या आधीचे थर तपासायचे. जुना गाळ हाच जुना साक्षीदार.

तिसरी गोम गोव्यासाठी महत्त्वाची. तिथलं धातुक ऑक्साइडचं आहे. सल्फाइडच्या खाणींतून जसं आम्लपाणी सुटतं तसा प्रकार तिथे मुख्य नाही. म्हणून काहीजण म्हणतात, ती नुसती लाल माती, गंजच तो, त्याला काय होतंय? पण हा गंज इतर धातूंना धरून ठेवतो. तो भातखाचराच्या किंवा खारफुटीच्या चिखलात गेला की तिथे ऑक्सिजन नसतो. मग लोखंड आणि मँगनीज विरघळतात आणि धरून ठेवलेलं बाकीचंही सुटायला लागतं. विरघळलेलं लोखंड फार झालं तर भाताची पानं तांबूस पडतात, वाढ खुंटते. याच्या उलट, खाडीच्या खोल चिखलातलं सल्फाइड कॅडमियम, तांबं, शिसं, जस्त यांना बांधून ठेवतं. तो गाळ उपसून काठावर टाकला की हवा लागून हेच धातू मोकळे होतात. म्हणजे साफसफाईच्या नावाखाली विष बाहेर! आणि नुसत्या बारीक मातीचाही मार असतोच. खाचरात थर बसला की जमिनीचा कस गेला, मग त्यात विष असो वा नसो.

आणि शेवटी रसायनशास्त्र काहीही म्हणो, जिवाला विचारल्याशिवाय विष कळत नाही. म्हणून दूषित मातीत गांडुळं १४ दिवस ठेवतात आणि किती जगली ते मोजतात. गाळासाठी तळात राहणारे झिंग्यासारखे बारीक जीव किंवा डासासारख्या माशीच्या अळ्या वापरतात. शिवाय नदीत उतरून तळाशी खरोखर कोण राहतं ते बघायचं. मांडवी-जुवारीत फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म कवचवाल्या जिवांवरून खाणींच्या परिणामाचा अभ्यास झाला आहे. तिसऱ्या, शिनाणे यांसारखे पाणी गाळून जगणारे जीव अंगात धातू साठवतात, तेही साक्षीदार. रसायन, जिवांची चाचणी आणि तळातली वस्ती, अशी ही तिपाई आहे. एक पाय काढला की निष्कर्ष लटपटतो.

अॅग्रिकोलाच्या पश्चात त्याच्या ग्रंथाचं काय झालं? शे-दोनशे वर्षं तो खाणकामाचं मुख्य पुस्तक होता. १९१२ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं एका खाण इंजिनिअरनं आणि त्याच्या बायकोनं, हर्बर्ट आणि लू हेन्री हूवर यांनी. हे हूवर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. योआखिमस्थालचं काय झालं? चांदी काढताना जो काळा, जड, बिनकामाचा दगड तिथे निघायचा, तो पिचब्लेंड होता. १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावल्यावर क्यूरी पती-पत्नींनी याच गावचा टनावारी टाकाऊ माल मागवला आणि १९०२ पर्यंत त्यातून चिमूटभर रेडियम क्षार वेगळा केला. आणि त्या ओढ्या-नद्यांचं काय झालं? ऑगस्ट २००२ मध्ये एल्ब आणि तिची उपनदी मुल्डे यांना महापूर आला. पुराबरोबर आर्सेनिक आणि शिसंवाला गाळ काठच्या कुरणांवर पसरला. सॅक्सनीच्या जुन्या खाणींचा, शतकानुशतकं साठत आलेला गाळ! विरोधकांनी ज्या ओढ्यांची तक्रार केली होती, त्यांनी आपली नोंद अशी जपून ठेवली होती.

मित्रांनो, आपल्यातले काहीजण उद्या कॅम्पसमधून स्टील, सिमेंट, खाण कंपन्यांत जातील. काहीजण प्रदूषण मंडळात, काहीजण सल्लागार कंपनीत परिणाम अहवाल लिहायला. चंद्रपूर, भंडारा, रेडी, डिचोली, कुठेतरी एक ढिगारा आणि एक ओढा तुमच्या टेबलावर येईलच. तेव्हा रिपोर्टात एकूण धातूचा एकच आकडा टाकून सही मारणं सोपं असेल, मग तो आकडा घाबरवणारा असो की निर्धास्त करणारा. अॅग्रिकोलानं खाणीची बाजू घेतली, पण विरुद्ध बाजूची तक्रार स्वतःच्या पुस्तकाच्या पहिल्याच भागात छापली. त्याच्याकडे ती तपासायचं साधन नव्हतं. आपल्याकडे आहे. तेव्हा सही करण्याआधी खालच्या अंगाचा गाळ आणि त्यातली अळी दोन्ही बघून या.